जिनिंगमधलं जुनं ३८६ घरी आणलंय, यावर युनिक्स चालवायला काय काय लागेल?

काळी_माती

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातला. आमच्या गावाशेजारची सहकारी जिनिंग-प्रेसिंग बरीच वर्षं बंद पडून आहे. गेल्या महिन्यात तिथलं भंगार विकायला काढलं. ऑफिसच्या पोटमाळ्यावर एक कम्प्युटर होता, तो किलोच्या भावाने जाणार होता. माझे बाबा तिथे १७ हंगाम काट्यावर होते, म्हणून मी तो घेऊन आलो.

डबा उघडून पाहिलं. ३८६ डीएक्स, ३३ मेगाहर्ट्झ. मेमरीच्या ८ खाचा, त्यातल्या ४ भरलेल्या, १-१ एमबीच्या पट्ट्या. ८० एमबीची हार्ड डिस्क, एक सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह. मागच्या बाजूला एक लांबलचक कार्ड, त्याला जाड केबल आणि केबलच्या टोकाला ८ कनेक्टरांची पेटी. डब्यावर मार्करने लिहिलंय: "झेनिक्स आहे. शटडाऊन केल्याशिवाय बटण बंद करू नये." झेनिक्स म्हणजे मायक्रोसॉफ्टचं युनिक्स, एकाच यंत्रावर अनेकांना काम करू देणारी ऑपरेटिंग सिस्टीम. सगळ्यावर कापसाच्या तुसाचा बोटभर थर.

बाबा सांगतात की या एकाच डब्यावर काट्याची खोली, ग्रेडरचं टेबल, अकाउंट आणि चुकाऱ्याची (शेतकऱ्याला पैसे द्यायची) खिडकी असे चौघं जण एकाच वेळी काम करायचे. ४ एमबीत चार माणसं! माझ्या फोनमध्ये ६ जीबी आहे आणि तो अडकतो.

मला ते जसं चालायचं तसं चालताना बघायचंय. एवढ्या यंत्रावर युनिक्स चालायला नेमकं काय लागतं? आणि सुरू करून बघू का?

तारमिस्त्री

भाऊ, बटन दाबू नोको! आधी मदरबोर्डावर कीबोर्डाच्या सॉकेटाजवळ निळी नाईतर हिरवी नळकांड्यासारखी ब्याटरी असन, ते पाय. निकेल-कॅडमियमची राहते. वीस-पंचवीस वर्षांत ते फुटते अन् तिच्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. हिरवट-निळी बुरशी दिसली तर समज. ब्याटरी कापून काढ, व्हिनेगरनं ब्रश मार, मंग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन दोन दिवस वाळू दे.

दुसरं, तूस काढल्याबिगर पावर सप्लाय लावू नोको. कपाशीचं तूस दमट झालं की ओल पकडून ठेवते.

तिसरं, डिस्क. तिच्यावर बाबाच्या हातच्या नोंदी असतीन तर ते डिस्क फक्त एकदाच फिरणार हाय असं समजूनच हात लाव. फिरली की पयले सगळी कॉपी काढ. झेनिक्स चालू करायची घाई त्याच्यानंतर.

नवखा_७१

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, यवतमाळला. ४ एमबी कमी का वाटावी? ऑपरेटिंग सिस्टीमच्या तासाला सरांनी सांगितलं की सुरुवातीचं युनिक्स २४ किलोबाइटमध्ये चालायचं. मग पहिल्या पीसीवर, ६४० केबीवर, तर ते धावायला हवं होतं. तसं का झालं नाही? सगळे डॉसच का वापरत होते?

पूर्णाकाठ

प्रश्न चांगला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी बारा वर्षं एका जिल्ह्याच्या ठिकाणी युनिक्सची यंत्रं सांभाळली आहेत.

तुमच्या सरांचा आकडा बरोबर आहे. १९६९ साली केन थॉम्प्सनने बेल लॅब्जमध्ये सुरुवात केली ती पीडीपी-७ वर, १८ बिटांचे ८ के शब्द एवढ्या मेमरीत. १९७१ साली पीडीपी-११/२० आलं. त्यात २४ केबी: १६ सिस्टीमला, ८ वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅमला. डिस्क ५१२ केबी. एवढ्यात एकाहून जास्त माणसं काम करत होती. पण त्या यंत्रात एका प्रोग्रॅमपासून दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचवणारं काही नव्हतं. कुणाचा प्रोग्रॅम भरकटला की अख्खी सिस्टीम आडवी व्हायची. जे चार-पाच जण वापरत होते त्यांनीच ती लिहिली होती, त्यामुळे निभावलं.

आता हेच आपल्याकडच्या भाषेत सांगतो. मेमरी म्हणजे शिवार. प्रत्येक प्रोग्रॅमचं त्यात एक वावर. वावरा-वावरामध्ये धुरा पाहिजे, म्हणजे एकाचं जनावर दुसऱ्याच्या कपाशीत शिरत नाही. हा धुरा सॉफ्टवेअरने घालता येत नाही, तो प्रोसेसरमध्येच असावा लागतो. पहिल्या आयबीएम पीसीत आणि १९८३च्या एक्सटीत ८०८८ हा प्रोसेसर होता, ४.७७ मेगाहर्ट्झचा. त्याला १ एमबीचं शिवार दिसायचं, पण धुरा एकही नाही. कुठलाही प्रोग्रॅम कुठेही लिहू शकायचा, थेट सिस्टीमच्या जागेतही. मेमरी पुरत होती, संरक्षण नव्हतं, हे तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे.

तरी लोकांनी चालवलंच. एससीओ या कंपनीने १९८३ साली मायक्रोसॉफ्टचं झेनिक्स ८०८६ च्या यंत्रांवर आणलं. १९८४ साली आयबीएमने एक्सटीसाठी पीसी/आयएक्स विकायला काढलं, ते इंटरॅक्टिव्ह सिस्टम्स या कंपनीने तयार केलं होतं. १९८७ साली अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी मिनिक्स लिहिलं, ते तर हार्ड डिस्क नसलेल्या पीसीवरही फ्लॉपीतून उठायचं. शिकायला उत्तमच. पण त्यावर शेतकऱ्याच्या पैशाचा हिशोब ठेवायला मी धजावलो नसतो.

धुरा आला २८६ बरोबर. तो प्रोसेसर १९८२चा, १६ एमबीपर्यंत मेमरी. पण वावरं ६४-६४ केबींच्या तुकड्यांतच. त्याहून मोठा प्रोग्रॅम असेल तर तुकडे जोडत बसावं लागायचं, आणि मेमरी संपली की अख्खा तुकडाच डिस्कवर हलवायचा. चार माणसांच्या कामात डिस्कचा खडखड आवाज थांबायचा नाही. १९८५ साली ३८६ आला आणि कोडं सुटलं. ३२ बिटांचा सलग पत्ता, आणि मेमरीची ४ केबीची छोटी पानं. जेवढी पानं लागतात तेवढीच आत, बाकीची डिस्कवर. १९८७ साली एससीओचं ३८६ साठीचं झेनिक्स आलं आणि तिथून पुढे एका डब्यावर चार, आठ, सोळा टर्मिनल (नुसता पडदा आणि कीबोर्ड) हे आपल्याकडच्या ऑफिसांमध्ये शक्य झालं.

काळी_मातीभाऊ, तुमच्या हाती जे यंत्र आहे त्याच जातीच्या यंत्रावर, ३३ मेगाहर्ट्झचं ३८६ आणि ४ एमबी मेमरी, लिनस टॉरव्हॉल्ड्सने १९९१ साली लिनक्स लिहायला घेतलं होतं. त्याला तुच्छ समजू नका.

नवखा_७१

सर, हे धुऱ्याचं एकदम समजलं. पण चार माणसं ४ एमबीत कशी बसायची? एकेकाला १ एमबी धरली तर सिस्टीमला काहीच उरत नाही.

पूर्णाकाठ

बसायची, कारण चौघंही एकच प्रोग्रॅम चालवायचे. त्या काळात आपल्याकडे झेनिक्सवर फॉक्सबेस हा नोंदी ठेवायचा प्रोग्रॅम फार चालायचा. चार टर्मिनलवर चार फॉक्सबेस सुरू असले तरी त्याच्या सूचनांचा भाग मेमरीत एकदाच असतो, तो चौघांत सामायिक. वेगळा असतो तो फक्त ज्याचा-त्याचा डेटा. विहीर एक आणि दांड चार, असं धरा. म्हणून पहिल्या माणसाला जास्त मेमरी लागते, पुढच्या प्रत्येकाला कमी. चौघांनी चार वेगवेगळे प्रोग्रॅम उघडले असते तर ४ एमबी पुरली नसती.

आणखी एक: टर्मिनलला स्वतःची बुद्धी नव्हती, पण पडदा रंगवायचं काम तेच करायचं. मुख्य यंत्राने फक्त अक्षरं पाठवायची. आजच्या फोनची मेमरी कशात जाते ते यावरून लक्षात येईल.

मेमरी वाढवायची असेल तर एक लक्षात ठेवा. ३८६ डीएक्स एका वेळी ३२ बिट वाचतो आणि ३० पिनांची एक पट्टी ८ बिटांची असते. म्हणून पट्ट्या चारच्या चार एकदम बसवाव्या लागतात. दोन घालून उपयोग नाही, यंत्र त्या मोजणारच नाही. ३८६ एसएक्स असेल तर जोडीने चालतात.

सरकी_रुई

मी १९९१ ते १९९७ यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये डेटा एंट्री ऑपरेटर होते. तुमचा धागा वाचून रात्री झोप लागली नाही. पूर्णाकाठ सरांचं सगळं बरोबर आहे, पण आमच्या खुर्चीवरून पाहिलं तर युनिक्सला पहिली गरज मेमरीची नव्हती. विजेची होती.

हंगाम दिवाळीनंतर सुरू. एकाधिकार खरेदी होती तेव्हा, म्हणजे कापूस सरकारी योजनेतच विकायचा. रात्री दोनपासून फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग, शेतकरी शेकोट्या करून बसलेले. काट्यावरून वजन यायचं, ग्रेडर प्रत सांगायचा, मी काटापट्टीची नोंद करायची. एवढ्यात वीज जायची. डॉसवर काम करणाऱ्याची फार तर उघडी फाइल जायची. युनिक्समध्ये तसं नसतं. आपण एंटर मारतो तेव्हा ती नोंद लगेच डिस्कवर जात नाही, आधी मेमरीतच थांबते. सिस्टीम ठराविक वेळाने, साधारण ३० सेकंदांनी, जमलेलं सगळं डिस्कवर उतरवते. म्हणूनच ते जलद वाटायचं. आणि म्हणूनच वीज गेली की नुसती शेवटची नोंद नाही, फाइल सिस्टीमची वहीच अर्धवट राहायची. कुठला ब्लॉक कुणाचा, हेच जुळायचं नाही.

मग वीज आली की एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टीम तपासणारा प्रोग्रॅम, चालायचा. पाच टप्पे. पहिल्यात ब्लॉक आणि आकार, दुसऱ्यात पाथनेम, तिसऱ्यात जोडण्या, चौथ्यात मोजणी, पाचव्यात मोकळ्या ब्लॉकांची यादी. मला अजून तोंडपाठ आहेत. मध्येच प्रश्न विचारायचं, ही फाइल पुसू का? वाय की एन? बाहेर दोनशे गाड्या, मागे मॅनेजर साहेब उभे, आणि माझं बोट वाय वर. पुसलेली फाइल कोणाच्या चुकाऱ्याची असेल या विचाराने पोटात गोळा यायचा. ज्या फाइलींचा मालक सापडायचा नाही त्या लॉस्ट-फाउंड नावाच्या डिरेक्टरीत नुसत्या नंबराने जायच्या. मी दुपारी जेवण सोडून त्या एकेक उघडून कागदी काटापट्टीशी ताडून पाहायचे. एकाही शेतकऱ्याचा पैसा माझ्याकडून बुडाला नाही, हे मी आजही सांगू शकते.

म्हणून यूपीएस ही सोय नव्हती, यंत्राचा भागच होता. आमचा यूपीएस दहा मिनिटं तग धरायचा. त्या दहा मिनिटांत सगळ्या टर्मिनलवाल्यांना ओरडून सांगायचं, बाहेर पडा, सिंक मारायचं (म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवायचं), शटडाऊन करायचं. तुमच्या डब्यावरचा मार्करचा मजकूर ज्याने लिहिला त्याने हे भोगलेलं आहे.

तारमिस्त्री

ताई, बराबर बोलल्या. अन् यूपीएस लावला तरी अर्थिंगचं कोणी पायत नव्हतं. आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातहात भेगा पडतात. हिवाळ्यात बसवलेलं अर्थिंग मार्च-एप्रिलात मातीपासून सुटून जाते. न्यूट्रल अन् अर्थच्या मधात मीटर लावला तर २ व्होल्टाच्या आत पाहिजे, मी २०-२० व्होल्ट पायले हाय. मी जिथं जिथं सर्व्हिसले जात होतो तिथं पयले मीठ-कोळशाच्या खड्ड्यात रोज दोन बादल्या पाणी टाकाले लावत होतो. शिपाई कंटाळे, पण यंत्र चाले.

टर्मिनलच्या केबलीचं त ऐका. ऑफिसातून काट्याची खोली दोनशे फूट. आरएस-२३२, म्हंजे टर्मिनल जोडाची पद्धत, तिले ५० फुटाचा हिशोब हाय. ९६०० बॉडवर (बॉड म्हंजे अक्षरं धाडाचा वेग) पडद्यावर कचरा याचा. मी २४०० वर आणलं तवा अक्षरं साफ झाली, जरा हळू, पण साफ. केबलीत तीनच तारा, पाठवायची, घ्यायची अन् जमीन. दोन अन् तीन नंबर उलटसुलट जोडाच्या.

जूनच्या पयल्या विजांनी मात्र दर साली पोर्ट जायचे. वीज बाभळीवर पडो का खांबावर, त्या दोनशे फूट तारेत झटका येते. पूर्ण कार्ड फेकाची गरज नसे. त्याच्यावर १४८८ अन् १४८९ अशा दोन आयसी राहते, लाइन ड्रायव्हर अन् रिसीव्हर. त्याच मरते. नागपूरच्या बर्डीवरून आणून ठेवलेल्या राहत होत्या माह्याजवळ, शर्टाच्या खिशात डबीत.

काळी_माती

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी बाबांना वाचून दाखवलं. सरकीताईंचा भाग दोनदा वाचायला लावला.

तारमिस्त्री काकांनी सांगितल्याप्रमाणे बॅटरी काढली. फुटलेलीच होती. तीन रेघा खाल्ल्या गेल्यात, त्या बारीक तारेने जोडून घेतल्या. तूस झाडायला कुंचला आणि सायकलचा पंप वापरला. अजून वीज दिलेली नाही.

दोन प्रश्न. डिस्कची कॉपी कशी काढू? यूएसबीचं अडॅप्टर आहे माझ्याकडे. आणि डिस्क मेली असेल तर या यंत्रावर दुसरं कुठलं युनिक्स चालेल? झेनिक्सच्या फ्लॉप्या मिळाल्या नाहीत.

पूर्णाकाठ

त्या काळातल्या डिस्कवर यूएसबी अडॅप्टर बहुतेक वेळा चालत नाही. अडॅप्टर डिस्कला ब्लॉकचा सरळ क्रमांक सांगतो, आणि या डिस्कांना फक्त सिलिंडर, हेड, सेक्टर हीच भाषा कळते. एखादा जुना पेंटियम शोधा ज्याच्या मदरबोर्डावर आयडीई पोर्ट (जुन्या डिस्का जोडायची जागा) आहे. बायोसमध्ये डिस्कच्या लेबलवरचे तिन्ही आकडे हाताने भरा. मग लिनक्सच्या सीडीवरून उठवून डीडीरेस्क्यूने अख्खी डिस्क एका फाइलीत उतरवा. वाचता न आलेल्या जागा ते सोडून पुढे जातं आणि शेवटी परत येतं, डिस्कला एकाच जागी छळत नाही.

फाइली बघायला घाई झाली तर: लिनक्स कर्नेलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) सिस्टीम फाइव्ह आणि झेनिक्सच्या फाइल सिस्टीम वाचणारं मोड्यूल वर्षानुवर्षं होतं, जुन्या सीडीवर ते सापडेल. पण झेनिक्स एका पार्टिशनच्या पोटात आपले वेगळे वाटे पाडतं, रूट, स्वॅप वगैरे. लिनक्सला ते वाटे दिसत नाहीत. प्रत्येक वाट्याची सुरुवात शोधून तो आकडा स्वतः द्यावा लागेल. संयम लागतो, जमतं.

दुसरं युनिक्स म्हणाल तर आजचं लिनक्स विसरा. ३.८ पासून, म्हणजे २०१३ पासून, कर्नेलने ३८६ सोडलं. फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडीनेही केव्हाच सोडलं. १९९३-९४च्या सुमाराचं स्लॅकवेअर ४ एमबीवर उठतं, खिडक्या-चित्रांचा नाद न करता. मिनिक्स तर आरामात. मजेची गोष्ट म्हणजे लिनक्समध्ये मेमरीची पानं डिस्कवर टाकायची सोय १९९१च्या डिसेंबरात आली ती २ एमबीवाल्या एका माणसासाठी, त्याला तेवढ्या मेमरीत कर्नेल कम्पाइल करता येत नव्हतं.

पण आधी डिस्क. ती जिवंत असेल तर दुसरं काहीच करू नका.

नवखा_७१

माझ्या कॉलेजच्या भंगारात आयडीईवाला पेंटियम आहे. सरांची परवानगी मिळाली. भाऊ, मी शनिवारी बसने आणून देतो. मला फक्त ते फिरताना समोर बसून बघू द्या.

काळी_माती

डिस्क फिरली.

पहिल्यांदा नुसताच टक-टक आवाज आला आणि थांबली. काकांना फोन लावला. ते म्हणाले, "हातात सपाट धर अन् वीज देता-देता मनगटानं झटक्यात फिरव, गहू पाखडतो तसं नाई, कुलूप उघडतो तसं." दुसऱ्या झटक्याला सुटली. नवख्याने तेवढ्यात डीडीरेस्क्यू सुरू केलं. ८० एमबी उतरायला बारा-तेरा मिनिटं लागली असतील, आम्ही दोघं आणि बाबा एकही शब्द बोललो नाही. शेवटी ११ सेक्टर वाचता आले नाहीत, बाकी सगळं आलं. डिस्क आता कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे.

फाइल कॉम्पॅक्ट फ्लॅशच्या कार्डावर चढवली, कार्ड आयडीईच्या अडॅप्टरवर, बायोसमध्ये ४७ नंबरचा प्रकार निवडून जुन्या डिस्कचेच आकडे भरले. यंत्र उठलं. झेनिक्सने वेळ विचारली. पडद्यावर १९८० सालची १ जानेवारी होती.

पण रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड कुणालाच माहीत नाही.

सरकी_रुई

ती वेळ नीट भरा हो! नुसतं एंटर मारू नका. आमच्याकडे एकदा बॅटरी गेली, सकाळच्या पाळीच्या मुलाने न बघता एंटर मारलं आणि दुपारपर्यंतच्या सगळ्या काटापट्ट्या १९८० च्या तारखेने छापल्या गेल्या. पुढे चुकाऱ्याची यादी तारखेने लागली तेव्हा त्या सगळ्यात वर गेल्या, आणि त्याच्या आधीपासून रांगेत असलेली माणसं मागे राहिली. हाताने दुरुस्त करायला आम्हाला दोन रात्री लागल्या.

पूर्णाकाठ

पासवर्ड शोधू नका, बदला. मूळ फाइलीची एक प्रत करा आणि त्या प्रतीवरच काम करा. त्या काळी पासवर्डची सांकेतिक अक्षरं ईटीसीमधल्या पासवर्ड फाइलीतच असायची, बरोबर १३ अक्षरं. तुमच्या लॅपटॉपवर जुन्या डीईएस पद्धतीने स्वतःच्या एखाद्या शब्दाची १३ अक्षरं तयार करा. हेक्स एडिटरमध्ये रूटची ओळ शोधून जुन्या १३ च्या जागी ती नवी १३ बसवा. एकही अक्षर कमी-जास्त नको, म्हणजे फाइलीचा आकार हलणार नाही.

काळी_माती

झालं! आत गेलो. एका डिरेक्टरीत हंगामावार फाइली आहेत. सगळ्यात शेवटची नोंद मार्चमधली.

मग टर्मिनल जोडायला घेतलं. जुनं टर्मिनल मिळालं नाही, म्हणून लॅपटॉपला यूएसबीची सिरिअल केबल लावून पेटीतल्या पहिल्या पोर्टला जोडलं, २-३ उलटसुलट. ९६०० ला लॉगिन आलं. फॉक्सबेसचा मेनू उघडला. आकडे बरोबर दिसतात, इंग्रजी बरोबर दिसतं. पण काही ठिकाणी नुसता गिचमिड मजकूर आहे. एका मथळ्यात ३ चा आकडा, मग झेड, एच, वरची टोपी असते ते चिन्ह आणि डब्ल्यू. सगळीकडे असंच. फाइल बिघडली का? ते ११ सेक्टर इथलेच असतील का?

सरकी_रुई

बिघडलेली नाही. ते मराठी आहे!

तुमच्याकडे पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट टर्मिनल असणार एखादं तरी, बाबांना विचारा, त्यावर देवनागरी यायचं. ती अक्षरं इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, असतात. इस्कीत इंग्रजी खालच्या १२८ मध्ये आणि आपली अक्षरं वरच्या १२८ मध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आठवा बिट लागतो. तुमची लाइन ७ बिट आणि पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) अशी लागली आहे, म्हणून आठवा बिट कापला जातोय. 'क' चा क्रमांक १७९. त्यातून १२८ गेले की ५१ उरतात, आणि ५१ म्हणजे ३ चा आकडा. काना होतो झेड. 'प' होतो एच. दीर्घ ऊकार ती टोपी. 'स' होतो डब्ल्यू.

म्हणजे तो शब्द 'कापूस' आहे.

नवीन टर्मिनल बसवलं की आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच व्हायचं, आणि मी हे आकडे पाठ करून ठेवले होते. दोन्ही टोकांना ८ बिट, पॅरिटी नाही असं करा. झेनिक्सच्या बाजूला एसटीटीवाय या लाइनच्या हुकमाने सीएस८ (८ बिट) द्या आणि आयस्ट्रिप (आठवा बिट कापणं) बंद करा.

नवखा_७१

ताई, 🙏. आठ बिट आल्यावर लॅपटॉप ती अक्षरं देवनागरीत दाखवणार नाही, पण मधे एक छोटा प्रोग्रॅम घालता येईल. युनिकोडमधल्या देवनागरीचा क्रम इस्कीवरूनच बेतलेला आहे, त्यामुळे तक्ता छोटाच होईल. आज रात्री लिहितो.

काळी_माती

नवख्याचा प्रोग्रॅम दुपारी लावला. ८ बिट, पॅरिटी नाही.

मेनूचा मथळा आला: कापूस खरेदी नोंद. खाली काटापट्टी क्रमांक, गाव, प्रत, वजन क्विंटल, चुकारा. बाबा खुर्चीत येऊन बसले. चष्मा पुसला. मी काही सांगायच्या आत ते बाणाची बटणं सोडून एंटर दाबत दाबत थेट वजनाच्या रकान्यात जाऊन थांबले आणि म्हणाले, "इथे मी आकडा ओरडायचो, अन् तिकडून पोरगी परत म्हणायची. दोघांचं जुळलं की मगच एंटर."

सरकीताई, तुम्ही यवतमाळला असता ना? बाबा विचारताहेत की एखाद्या रविवारी येणं जमेल का. त्यांना आकडे ओरडायचे आहेत, आणि नोंद करायला त्या वेळचं माणूस हवं आहे.

सरकी_रुई

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने निघते. बसस्टँडवर घ्यायला या. आणि यूपीएस चार्ज करून ठेवा.

तारमिस्त्री

मी बी येतो अकोल्यावरून. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकून ठेव भाऊ, उन्हाळा लागला. १४८८ च्या दोन आयसी आहेत अजून माह्याजवळ, त्या बी आणतो.